उशीतला खळगा

खळगा दिसला की सुईताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कोणाकडे भेटायला गेली, चहा झाला, इकडच्यातिकडच्या गप्पा झाल्या, सगळं छान. पण बसायची गादी मध्येच कुठे दबलेली निघाली की बाईंचं गप्पांतलं लक्ष उडालंच म्हणून समजा. बोटं आपोआप त्या दबलेल्या जागेकडे जायची. "उसवून देऊ का? काही नाही, इथल्या इथे होईल," असं म्हणेपर्यंत कॉलरीत खोचलेली सुई हातात आलेलीही असायची. घरची बाई बिचारी हात जोडायची. "अगं, बस की गं निवांत! पाहुणी आहेस ना आज?"

ती सुई कायम तिथेच, कॉलरीत. चर्चमध्येसुद्धा. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने लाडात येऊन तिला जवळ घेतलं आणि सुई त्याच्या हनुवटीत घुसली. "अगं, सुई!" म्हणून तो ओरडला. आता साधासुधा नवरा ओरडला असता तर भिंतीपलीकडेही कोणाला कळलं नसतं. पण हा होता भाजीबाजारात लिलाव पुकारणारा. गल्लीच्या दोन्ही टोकांना खिडक्या उघडल्या. त्या दिवसापासून तो तिला सुई म्हणायला लागला आणि गल्ली सुईताई. खरं नाव कोणी एकदम विचारलं असतं तर तिला स्वतःलाच क्षणभर आठवावं लागलं असतं.

गाद्यांचं काम तिच्याकडे वडिलांकडून आलं. दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक लांबट खोली. पुढे कापूस पिंजायची जागा, मधे शिलाई मशीन आणि खोळींचा ढीग, मागे पडदा, आणि पडद्याआड राहायची खोली. वडील सांगायचे, "चांगली गादी कोणती? माणूस उठून गेला की जी त्याला विसरते, ती." हे वाक्य तिने गाठीला बांधलं होतं. कोणाचीही गादी तिच्या हातून गेली की अशी सपाट, अशी फुगीर, की त्यावर कधी कोणी झोपलं होतं हे देवालासुद्धा कळू नये.

आणि देवाचं तर ती नावच काढत नव्हती अलीकडे. ते का, ते सांगायला हवं.

लिलाववाल्याचा आवाज ही त्या गावाची एक वस्तूच होती म्हणा ना. "एक वार! दोन वार!" असं तो म्हणायला लागला की टोमॅटोसुद्धा सावरून बसायचे. घरात जेवताना ताटात शेवटचा तुकडा उरला की त्याचाही लिलाव. "बोला सुई, या तुकड्याला काय देता?" ती म्हणायची, "धपाटा देते." "धपाटा एक वार, धपाटा दोन वार…" आणि खरंच धपाटा खायचा. पण हाच माणूस रविवारी चर्चमध्ये उभा राहिला की आवाज असा खाली यायचा की मंडळी आपोआप पुढे झुकायची. बायबल वाचनाचा मान त्याचा, आणि सगळ्यांना पाठ असलेली ती प्रभूची प्रार्थनाही तोच सांगायचा. त्यात त्याची एक खोड होती. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' या भाकरीच्या ओळीआधी तो थांबायचा, चांगला पोटभर श्वास घ्यायचा आणि मगच पुढे जायचा. त्यामुळे अख्खी मंडळी तिथे थांबायची. बेकरीवाला दरवेळी बाहेर आल्यावर चिडवायचा, "भाकर आली की लिलाववाला भाव चढायची वाट बघतो बरं का!"

मग एका सकाळी बाजारात तो "दोन वार" म्हणाला आणि तिसरा वार आलाच नाही. लोकांना वाटलं गंमत करतोय. तो हळूच क्रेटवर बसला, तिथून जमिनीवर आला. डोक्यात रक्ताची गाठ झाली होती. जीव वाचला, उजवी बाजू गेली आणि आवाज गेला.

सुईताईने काय प्रार्थना केल्या असतील त्या काळात! दवाखान्याच्या फरशीवर, दुकानात, कापसाच्या ढिगात तोंड खुपसून. गुडघे सुजले तिचे. वर्ष गेलं, दुसरं गेलं. तो पडद्यामागे पलंगावर पडून राहिला, डावा डोळा जागा, उजवा अर्धा मिटलेला. डॉक्टर म्हणाले, आता यापुढे बोलण्याची आशा धरू नका. त्या दिवशी घरी येऊन तिने कापूस पिंजायला घेतला आणि पिंजता पिंजता देवाला स्पष्टच सांगितलं. "हे बघ, तुझं माझं आता बंद. तुला मी कधी बंगला मागितला नाही. एक आवाज मागितला, तोही तूच दिलेला. तो परत दे, मग टेकते गुडघे. तोवर नाही. बघू कोण आधी दमतं ते!"

असा तिचा संप सुरू झाला. चर्चमध्ये जायची ती, जाणं सोडलं नाही. पण सगळे गुडघे टेकायचे तेव्हा ही बाकावर ताठ बसून राहायची, कॉलरीतल्या सुईसारखी. पुढे नुसत्या वाकलेल्या पाठी दिसायच्या. चर्च सांभाळणाऱ्या पाळकसाहेबांना हे दिसत होतं. पण ते शहाणे गृहस्थ, एका शब्दाने बोलले नाहीत.

घरात मात्र नवऱ्याच्या सेवेत तिने कसर ठेवली नाही. सकाळी आंघोळ, कूस बदलणं, चमच्याने भरवणं, चादरीची एकही सुरकुती पाठीखाली राहू न देणं. सगळं भराभर, उभ्याने, वरून वाकून. त्याचे ओठ अधूनमधून हलत राहायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, नसा कमकुवत आहेत, ओठ थरथरणारच. ती जाता येता फडक्याने ते पुसायची आणि पुढच्या कामाला लागायची.

दुपारी दुकानात ऊन आडवं शिरायचं. पिंजलेल्या कापसाचे तंतू त्या उन्हात तरंगत राहायचे, खाली यायचं नावच घ्यायचे नाहीत. रस्ता पेंगुळलेला. अशा वेळी सुईताई अर्धवट भरलेल्या गादीवर जराशी आडवी व्हायची, आणि रोज तेच स्वप्न. एक पांढरं घर. खोलीतून खोली, खोलीतून खोली. शेजारच्या खोलीत तो बोलतोय. शब्द कळत नाहीत, पण आवाज त्याचाच, रविवारचा, खालच्या पट्टीतला. ही दार उघडते तर आवाज पुढच्या खोलीत गेलेला. पुन्हा दार, पुन्हा पुढची खोली. जाग यायची तेव्हा पापण्यांवर कापूस बसलेला असायचा आणि पडद्यामागे सगळं शांत. किती वाईट वाटायचं तिला, काय सांगू! त्या स्वप्नात परत जाता यावं म्हणून ती पुन्हा डोळे मिटायची. पण अशी मागून स्वप्नं मिळतात होय?

अशाच एका दुपारी पाळकसाहेब हातगाडी घेऊन दारात उभे राहिले. गाडीत चर्चमधल्या गुडघे टेकायच्या उशांचा ढीग.

"सुईताई, उंदरांनी कोपरे कुरतडलेत. आणि दबल्याही आहेत फार. सगळ्या नव्याने भरून द्याल का?"

"म्हणजे मी ज्यावर टेकत नाही तेच मी भरू?" तिने सुई काढत विचारलं.

"तुमच्याइतकं चांगलं दुसरं कोण भरणार?" पाळकसाहेब म्हणाले आणि हातगाडी तिथेच सोडून सटकले.

त्या चर्चमध्ये ज्याची जागा त्याची, ज्याची उशी त्याची. पिढ्यानपिढ्या लोक त्याच बाकाला त्याच टोकाला बसत. त्यामुळे सुईताईने उशा मांडल्या तशी मंडळीच पुढ्यात येऊन बसली. प्रत्येक उशीत दोन खळगे, वाटीएवढे. बोट फिरवलं की माणूस ओळखू यायचा. गाणं शिकवणाऱ्या मास्तरांच्या उशीत एकच खळगा. म्हणजे हा गृहस्थ आजवर एका गुडघ्यावर भागवत आला! बेकरीवाल्याची उशी तर नवीकोरी. "आणि आमेन मात्र सगळ्यांत मोठ्याने याचं!" ती एकटीच खो खो हसली. कित्येक महिन्यांत हसली नव्हती. पडद्यामागे तिला काहीतरी हललंसं वाटलं, पण ती उठली नाही.

एका उशीत डावा खळगा खूप खोल, उजवा जेमतेम. ती घड्याळवाल्या आजींची, म्हणजे घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आजोबांच्या बायकोची. आजींचा उजवा गुडघा दुखरा होता, सगळा भार डाव्यावर. आजी जाऊन बरेच दिवस झाले, पण त्यांची उशी आजोबांच्या उशीशेजारी तशीच असायची. आणि मग नवऱ्याची उशी हातात आली. दोन खोल, सारखे खळगे. अंगठ्याने दाबलं तर तळाचा काथ्या लागला. इतकं टेकला होता तो.

तिचं डोकंच सणकलं. "काय मिळालं हो इतकं टेकून?" म्हणत तिने सर्रकन टाके उसवले, आतला कापूस ओढून काढला आणि काठीने असा झोडपला, असा झोडपला, की दुकानभर पांढरं झालं. मग सगळ्या उशा तशाच घेतल्या. उसवल्या, पिंजल्या, काथ्या बदलला, वर नवा कापूस, नवी खोळ, चारी कोपऱ्यांना घट्ट टाके. ओळीने मांडल्यावर कोणती कोणाची तेही सांगता येईना. वडील असते तर पाठ थोपटली असती त्यांनी.

रविवारी मंडळीने गुडघे टेकले आणि चर्चभर एक सुखाचा उसासा उमटला. "ढगावर टेकल्यासारखं वाटतंय," कोणीतरी मागे कुजबुजलं. सुईताई आपली नेहमीसारखी ताठ बसलेली, पण आतून खूश. तेव्हा तिला पुढच्या ओळीत घड्याळवाले आजोबा दिसले. त्यांचा हात शेजारच्या उशीवर गेला. तसा तो दर रविवारी जायचा. तिला वाटायचं म्हातारा माणूस, आधार घेतो. आज तो हात उशीवर इकडून तिकडे फिरला. थांबला. पुन्हा फिरला, अंधारात चष्मा चाचपडावा तसा. मग भर प्रार्थनेत आजोबा उठले आणि भिंतीला धरून बाहेर निघून गेले. बाकीच्यांचे डोळे मिटलेले. पाहिलं ते फक्त हिने. तब्येत बरी नसेल, असं तिला वाटलं.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मग एक दिवस त्यांची सून लोडाची खोळ शिवायला टाकण्याच्या निमित्ताने दुकानात आली आणि खोळ हातात धरून उभीच राहिली.

"मावशी, तुम्ही रागावू नका हं. पण आमचे बाबा चर्चमध्ये यायचं नाहीच म्हणतात आता. आई गेल्या तेव्हा त्यांनी आईंचं सगळं वाटून टाकलं हो. कपडे, चष्मा, काठी, सगळं. म्हणाले, मला तिची एक जागा आहे, ती पुरे. कुठली ते आम्हाला ठाऊकच नव्हतं. परवा बोलले. त्या उशीतल्या खळग्यात हात ठेवून प्रार्थना करायचे म्हणे. आता म्हणतात, तिथे ती नाही, मी कोणाशेजारी टेकू?"

सुईताईच्या हातातला दोरा सुटला. सून गेल्यावर ती दुकान तसंच उघडं टाकून, डोक्यात कापूस तसाच, तडक चर्चकडे निघाली. आत कोणी नव्हतं. रंगीत काचांतून पडलेला उजेड बाकांवर पसरून पडला होता. ती गेली ती आजींच्या उशीकडे नाही. नवऱ्याच्या जागेवरच्या उशीकडे गेली. हात ठेवला. सपाट. फुगीर, सुबक, कोणाचीही असू शकेल अशी. तिने दाबून पाहिलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चाचपून पाहिलं. त्याच्या इतक्या वर्षांच्या गुडघ्यांतलं काही म्हणून काही तिथे उरलं नव्हतं, आणि ते तिने स्वतःच्या हाताने काठीने झोडपून घालवलं होतं. तेव्हा तिला आजोबांचं दुःख कळलं.

घड्याळवाल्या आजोबांचं दुकान म्हणजे एक कपाटच, दार असलेलं. भिंतीवरच्या प्रत्येक घड्याळात वेगळी वेळ. सुईताई उंबऱ्यातच रडकुंडीला आली.

"आजोबा, चुकले मी. फार मोठी चूक झाली माझ्या हातून."

आजोबांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "चूक कसली, पोरी? काम चांगलंच केलंस तू. नको इतकं चांगलं केलंस, एवढंच."

"मी परत पाडून देते खळगा. जसाच्या तसा."

आजोबा नुसते हसले. पण ही ऐकणारी थोडीच! आजींच्या जागेवरची उशी घरी आणली, त्यावर जुन्या दोन जड इस्त्र्या ठेवल्या, डावीकडची जास्त जड. आठवडाभराने मोठ्या आशेने घेऊन गेली. आजोबांनी डोळे मिटून हात फिरवला आणि मान हलवली. "काठ कडक आहेत गं याचे. हे वजन आहे, माणूस नाही. माणूस एका जागी गप्प बसतं होय? सरकतं, कण्हतं, पुन्हा नीट टेकतं. राहू दे. इतकी वर्षं लागली होती त्याला."

"मग लागू देत वर्षं," सुईताई म्हणाली. उशी काखेत मारून ती घरी आली.

आता टेकायचं कोणी? टेकायचं तिनेच. आणि कुठे? दुकानात गिऱ्हाइकांसमोर कसं टेकणार? मागच्या खोलीत मोकळी जमीन होती ती एवढीच, पलंगालगतची. तिने उशी तिथे टाकली, पलंगाची कड धरली आणि गुडघे टेकण्याआधी छताकडे बघून बजावलं, "गैरसमज नको हं. हे तुझ्यासाठी नाही. हे काम आहे."

गुडघे करकरले. ती टेकली, डाव्यावर जास्त भार देऊन, आजींसारखी. आणि समोर बघते तर नवऱ्याचा चेहरा. वरून नव्हे, समोर. डोळ्यासमोर डोळा. किती काळाने! त्याच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. हे तिला माहीतच नव्हतं. रोज तोंड पुसत होती आणि माहीत नव्हतं. डावा डोळा तिच्याकडे टक लावून बघत होता. ती ओशाळली.

"असं काय बघताय? काम करतेय मी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी टेकली तेव्हा तिने त्याला उशांची सगळी हकिकत सांगितली. मास्तरांचा एक गुडघा सांगितला, बेकरीवाल्याची नवीकोरी उशी सांगितली. त्याच्या तोंडाचा डावा कोपरा वर गेला. खरंच गेला! मग तिला नादच लागला. कामातून उठायचं, पडद्याआड जायचं, टेकायचं, बोलायचं. देवाशी नाही हं, संप चालूच होता. नवऱ्याशी. बाजारात काय भाव, कोणाच्या गादीत काय सापडलं, गल्लीत कोण कोणाशी भांडलं. गुडघे दुखायचे, सरकायचे, पुन्हा नीट टेकायचे. आणि रडू आलं तर पलंगाच्या कडेवर डोकं टेकून रडायचं. पूर्वी रडायलाही ती कापसाच्या ढिगात जायची. आता त्याच्यासमोर रडायची, आणि त्याचा डावा हात सरपटत सरपटत तिच्या केसांपर्यंत यायचा.

मग ती दुपार आली. ऊन पडद्याच्या फटीतून आत आलं होतं, दोन-चार तंतू तिथेही तरंगत होते. बोलता बोलता टेकल्या जागीच तिचा डोळा लागला, गाल पलंगाच्या कडेवर, त्याच्या तोंडाशी. आणि ते पांढरं घर आलं. खोलीतून खोली. आवाज शेजारच्या खोलीत. ती दार उघडत गेली, उघडत गेली, आणि या वेळी आवाज पुढे पळाला नाही. जवळ आला. अगदी कानाशी आला. ती जागी झाली तरी तो थांबला नाही.

आवाज कसला, श्वास होता तो. पण नुसता श्वास असा नसतो. थोडा चालायचा, तुटायचा, पुन्हा चालायचा. तिने मान न हलवता डोळे किलकिले केले. त्याचे ओठ हलत होते. थरथरत नव्हते, हलत होते. मिटत होते, उघडत होते, एका तालात. मग थांबले. एक लांब, पोटभर श्वास आत गेला. आणि ओठ पुन्हा हलू लागले.

भाकरीची ओळ! ती जागच्या जागी थिजली. तो थांबा तिच्या रक्तात होता. इतकी वर्षं दर रविवारी अख्ख्या मंडळीबरोबर ती त्याच जागी थांबली होती.

ती हलली नाही. ओठ शेवटापर्यंत गेले. आमेनवर मिटले. मग आणखी एक काहीतरी आलं, प्रार्थनेत नसलेलं. ओठ आधी गोल झाले, मग लांब ताणले गेले. सुई. तिने ते हजारदा त्याच्या तोंडावर पाहिलं होतं, ओळखायला आवाज लागतच नव्हता. सुई. आणि लगेच ओठ पुन्हा प्रार्थनेच्या पहिल्या शब्दापाशी.

म्हणजे रोज. म्हणजे इतके दिवस, आंघोळ घालताना, भरवताना, ती पुढे कापूस झोडपत देवाला चार शब्द सुनावत होती तेव्हा, हा इथे पडून तिच्यासाठी हेच म्हणत होता. आणि ती फडक्याने पुसत होती.

सुईताई रडली. हुंदके देऊन, पलंग हलेपर्यंत रडली. "अहो, माफ करा मला. मला कळलंच नाही हो. मी पुसत राहिले." मग छताकडे नाही, खाली, त्याच्या हातात तोंड खुपसून देवाला म्हणाली, "तुला ऐकू येत होतं. रोज येत होतं. बहिरी मीच होते." इतका काळ ती रिकाम्या, मुक्या घरात राहत असल्याचं समजत होती, आणि त्या घरात तर प्रार्थना एक दिवस थांबलेली नव्हती. लाज वाटली तिला. आणि लाजेच्या खाली एवढा आनंद होता की कुठे ठेवू असं झालं.

संप मिटला. कोण हरलं, कोण जिंकलं, ते तिने विचारलंही नाही. तिने डोळे पुसले, त्याच्या ओठांवर नजर लावली आणि ते हलले तसा त्यांना आपला आवाज दिला. पहिल्यांदा ती पुढे धावली, मग थांबायला शिकली.

चमत्कार वगैरे काही झाला नाही, उगाच आशा लावून बसू नका. तो उठला नाही, बोलला नाही. कूस बदलणं होतं, चमचा होता, पाठीखालच्या सुरकुत्या होत्या. फक्त आता ती हे सगळं करताना ओठांकडे बघायची, आणि ते चालू असले तर आमेन होईपर्यंत फडकं हातातच धरून उभी राहायची. पांढरं घर पुन्हा स्वप्नात आलं नाही. तिला त्याची आठवणही झाली नाही.

बरेच महिने गेल्यावर तिने आजोबांना निरोप धाडला, उशी झालीय, पण येऊन बघा. आजोबा काठी टेकत आले. पडदा सरकवला तेव्हा ती नुकतीच टेकलेली होती. गडबडीने उठली आणि बाजूला झाली. आजोबा कण्हत वाकले, डोळे मिटले आणि उशीवर हात ठेवला. दोन खळगे होते. डावा जरा खोल, पण उजवाही काही कमी नव्हता. सुईताईचे दोन्ही गुडघे धड होते, काय करणार?

"ही तिची नाही," आजोबा म्हणाले.

"नाही, आजोबा. तिची नाही जमली मला. खूप केलं. पण ही माझी झाली हो."

आजोबांनी हात काढला नाही. तसाच ठेवला, बराच वेळ. "गरम आहे," ते हळूच म्हणाले. "तिची गार असायची. मी हात ठेवून ठेवून गरम करायचो." त्यांच्या सुरकुत्यांतून पाणी ओघळलं, पण त्यांनी ते पुसलं नाही.

मग त्यांचं लक्ष पलंगाकडे गेलं. ओठ हलत होते. "काय होतंय याला?" त्यांनी विचारलं, आणि सुईताईने काय ते सांगितलं. आजोबा पुढे सरकले. बंद पडलेलं घड्याळ कानाला लावावं तसा त्यांनी कान लिलाववाल्याच्या तोंडाशी नेला. आजोबा ऐकत राहिले.

"चालू आहे," ते म्हणाले.

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. सुईताईने उशी त्यांच्याकडे सरकवली, त्यांनी ती परत तिच्याकडे ढकलली. "तुझी जागा आहे ती. रविवारी घेऊन ये, आमच्या हिच्या जागी ठेव, माझ्या शेजारी. मी येतो." आणि तो म्हातारा माणूस तिच्या शेजारी उघड्या फरशीवर टेकला. ओठ पहिल्या शब्दापाशी आले तसे दोघांनीही आवाज दिला. आजोबांची जुनी सवय, ते म्हणत म्हणत भरभर पुढे निघाले. भाकरीच्या ओळीपाशी सुईताईने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"थांबा, आजोबा. इथे ते श्वास घेतात."

घड्याळवाले आजोबा थांबले. पलंगावरचा श्वास सावकाश आत गेला, भरला, आणि मग तिघांनी मिळून भाकर मागितली.